वाशिमच्या शेजारी होणारा 'लायगो इंडिया' प्रकल्प नेमका काय आहे? त्याला माळरानाची शांतता का लागते?

वाशिमहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं, की पैनगंगा ओलांडताच विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. पुढे हिंगोली आणि त्याच्याही पुढे औंढा नागनाथ. वाशिम, रिसोड, मालेगाव भागातले भाविक नागनाथाच्या दर्शनाला वर्षानुवर्षं याच वाटेने जातात. याच औंढ्याजवळ, दुधाळा गावाच्या परिसरात, भारतातल्या सर्वांत मोठ्या विज्ञान प्रकल्पांपैकी एक उभा राहायचा आहे. त्याचं नाव 'लायगो इंडिया'.

वाशिम शहरापासून ही जागा ७०-७५ किलोमीटरवर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि तो २०३० पर्यंत पूर्ण करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. पण इथे दुर्बीण नाही, कारखाना नाही आणि अणुभट्टीही नाही. मग इथे नेमकं काय होणार? इतकी मोठी यंत्रणा पुणे-मुंबई सोडून या भागात का येतेय? आणि इथल्या लोकांना त्यातून काय मिळू शकतं?

लायगो म्हणजे काय?

लायगो हे 'लेझर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी' या लांबलचक नावाचं छोटं रूप. मराठीत सांगायचं तर लेझरच्या मदतीने गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा.

विहिरीत दगड टाकला की पाण्यावर लाटा उठतात. तसंच प्रचंड वजनाच्या दोन वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरून आदळल्या, की अवकाशातच लाटा उठतात, असं अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये मांडलं. दोन कृष्णविवरांची किंवा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ही अशी घटना असते. या लाटा प्रकाशाच्या वेगाने सगळीकडे पसरतात आणि पृथ्वीवरून जाताना इथली प्रत्येक वस्तू किंचित ताणतात आणि आखडतात. मात्र हा फरक इतका सूक्ष्म असतो, की तो कधी मोजता येईल यावर खुद्द आइनस्टाइन यांनाही शंका होती.

तो मोजण्यासाठी लायगोची रचना इंग्रजी 'एल' अक्षरासारखी करतात. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. या भुजा म्हणजे सुमारे १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या. त्यांच्यातली जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेली असते. आत उरणारा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटींवा भाग इतका कमी असतो.

कोपऱ्यातून एक लेझर किरण निघतो. तो दुभंगून दोन्ही भुजांमध्ये जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो आणि कोपऱ्यात दोन्ही किरण पुन्हा भेटतात. दोन्ही भुजांची लांबी ठरल्याप्रमाणे असेल तर हे किरण एकमेकांना पुसून टाकतात. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित लांब आणि दुसरी किंचित आखूड होते. किरणांचा मेळ बिघडतो आणि प्रकाश दिसतो. त्या प्रकाशावरून शास्त्रज्ञ लहर ओळखतात.

हे यंत्र प्रोटॉनच्या रुंदीच्या १०,००० व्या भागाइतका फरक मोजू शकेल, अशा बेताने बनवलेलं आहे. त्यातले मुख्य आरसे प्रत्येकी ४० किलोचे आहेत. ते केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ४ किलोमीटरच्या अंतरात पृथ्वी एक मीटरहून अधिक वळते. नळी मात्र सरळ ठेवावी लागते, त्यामुळे बांधकाम करताना हा बाकही हिशेबात धरावा लागतो.

आतापर्यंत काय सापडलं?

अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरी तिथून सुमारे ३,००० किलोमीटरवर, लुईझियाना राज्यातल्या लिव्हिंगस्टनला. २००२ ते २०१० या काळात या वेधशाळांनी निरीक्षणं केली, पण हाती एकही लहर लागली नाही. मग यंत्रणा सुधारली गेली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या २९ आणि ३६ पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. पुढच्याच वर्षी रायनर वाइस, किप थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर २०२५ पर्यंत अशा घटनांची संख्या सुमारे ३०० वर गेली आहे.

मग आणखी एक वेधशाळा कशाला?

लहर आली हे कळणं वेगळं आणि ती कुठून आली हे कळणं वेगळं.

समजा रात्री कुठेतरी मोठा आवाज झाला. एकाच वस्तीवरच्या माणसाला तो ऐकू येतो, पण दिशा नीट सांगता येत नाही. तीन-चार वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या लोकांनी आपापल्या घड्याळात वेळ टिपली, तर आधी कुणाला आणि नंतर कुणाला ऐकू आलं यावरून जागा शोधता येते. वस्त्या जितक्या लांब आणि वेगवेगळ्या दिशांना, तितका अंदाज अचूक.

लायगोचं काम असंच चालतं. २०१५ ची पहिली लहर लिव्हिंगस्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोहोचली. पण फक्त दोन वेधशाळा असल्याने ती आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यातून कुठूनतरी आली, एवढंच सांगता आलं. पूर्ण चंद्र आकाशाचा जेमतेम ०.२ चौरस अंश भाग व्यापतो. म्हणजे हा पट्टा सुमारे ३,००० चंद्र मावतील इतका मोठा होता. एवढ्या भागात दुर्बीण नेमकी कुठे रोखायची?

१७ ऑगस्ट २०१७ ला मात्र इटलीतली 'व्हर्गो' ही तिसरी वेधशाळाही चालू होती. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि तिची जागा सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आखता आली. काही तासांतच दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगेत ती टक्कर प्रत्यक्ष पाहिली. सोनं-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींमध्ये तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही नंतर या टकरीचा मागोवा घेतला.

आज अमेरिका, इटली आणि जपान इथे वेधशाळा आहेत. भारत या सगळ्यांपासून लांब आहे आणि पृथ्वीच्या गोलावर वेगळ्या बाजूला आहे. त्यामुळे इथली वेधशाळा जोडली गेली, की लहरींची जागा कित्येक पटींनी अचूक सांगता येईल. शिवाय एखादी वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद असली तरी जाळं चालू राहील. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोनपैकी एकच लायगो केंद्र चालवण्याची सूचना होती. ही वेधशाळा किती महत्त्वाची ठरू शकते, हे त्यावरूनही लक्षात येतं.

औंढ्याचीच निवड का झाली?

देशातल्या अनेक जागा तपासल्यानंतर शास्त्रज्ञांनी औंढ्याजवळची जागा निवडली. त्यामागची कारणं अशी:

- सपाट जमीन: ४ किलोमीटरच्या दोन सरळ भुजा बसतील इतकी सलग आणि बऱ्यापैकी सपाट जमीन लागते. डोंगराळ भागात त्यासाठी प्रचंड खोदकाम करावं लागतं.
- समुद्रापासून अंतर: किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांनी जमीन सतत बारीक थरथरत असते. आपल्याला ती जाणवत नाही, लायगोला जाणवते. औंढा अरबी समुद्रापासून ४०० किलोमीटरहून दूर आहे.
- माणसांची वर्दळ कमी: मोठे कारखाने, महामार्ग, रेल्वे, दगडखाणींतले सुरुंग या सगळ्यांतून कंपनं तयार होतात. हा भाग त्या मानाने शांत आहे.
- तरीही पोहोचता येईल असा: जड यंत्रसामग्री आणता येईल आणि शास्त्रज्ञांना राहता येईल, इतपत रस्ते, वीज आणि जवळची शहरं हवीच.

यातली तिसरी बाब इथल्या वाचकांना वेगळी वाटेल. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. दोन्हींची चर्चा होते ती बहुतेक वेळा मागासलेपणावरून. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिम होता. 'आमच्याकडे मोठा उद्योग नाही' ही या पट्ट्यातली जुनी तक्रार. लायगोसाठी नेमकी तीच गोष्ट जमेची ठरली.

शांतता म्हणजे किती शांतता?

अमेरिकेतली दोन उदाहरणं पाहिली की कल्पना येते.

लिव्हिंगस्टनची वेधशाळा पाइनच्या जंगलात आहे. आसपास लाकूडतोड सुरू झाली किंवा जवळून मालगाडी गेली, की यंत्राला त्याचा त्रास होतो. हॅनफर्डला तर एकदा नोंदींमध्ये विचित्र गडबड दिसू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की तिथले डोमकावळे थंड नळ्यांवर साचलेला बर्फ चोचीने टोचत होते.

म्हणून आरशांच्या खाली कंपनं शोषून घेणारी अनेक थरांची यंत्रणा असते. यंत्राभोवती कंपनमापक, हवेच्या दाबाचे मापक आणि मायक्रोफोन लावलेले असतात. त्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की स्थानिक गडबड कोणती आणि खरी लहर कोणती हे ओळखता येतं. शिवाय हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या वेधशाळेत तोच आकार दिसला तरच लहर खरी मानतात. हॅनफर्डचा कावळा लिव्हिंगस्टनला ऐकू जात नाही.

याचा अर्थ वाशिमकरांनी ट्रॅक्टर चालवायचा नाही, असा अजिबात नाही. शेतीच्या कामाची किंवा गाड्यांची कंपनं अंतरानुसार लवकर विरतात. काळजी असते ती वेधशाळेच्या अगदी जवळ पुढे येऊ शकणाऱ्या मोठ्या कामांची.

विज्ञान आणि विकासकामं यांच्यात अशी ओढाताण महाराष्ट्राने पाहिलेली आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग नारायणगाव भागातून नेला तर जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल, म्हणून तो मार्ग बदलण्याची वेळ आली. तिथे प्रश्न रेडिओ लहरींचा होता, इथे कंपनांचा असेल. औंढा परिसरात पुढे रस्ते, खाणी, उद्योग यांचं नियोजन करताना हा विचार आधीच झाला, तर वाद टळतील.

भूकंपाचं काय?

हा प्रश्न इथल्या लोकांना पडणं साहजिक आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि त्यानंतर काही मिनिटांतच ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. शेजारच्या जिल्ह्यांतही ते जाणवले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येण्याचे प्रकारही गेली काही वर्षं होत आहेत.

यात दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात.

एक, निरीक्षणात खंड पडणं. जगात कुठेही मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेतल्या लायगोचा लेझर 'सुटतो' आणि यंत्र पुन्हा जुळवावं लागतं. हा तिथल्या रोजच्या कामाचाच भाग आहे. दूरच्या भूकंपाची सूचना आधी मिळाली तर यंत्र जास्त स्थिर स्थितीत नेण्याची सोयही तिथे केलेली आहे.

दोन, यंत्राचं नुकसान होणं. ही शक्यता जवळच्या मोठ्या भूकंपात असते. १ जानेवारी २०२४ ला जपानमध्ये नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून सुमारे १२० किलोमीटरवर असलेल्या 'काग्रा' या वेधशाळेचं नुकसान झालं आणि ती जून २०२५ मध्ये पुन्हा निरीक्षणाला लागली. हिंगोलीतले धक्के त्या तुलनेत हजारो पटींनी कमी ऊर्जेचे होते. पण इमारती, नळ्या आणि टांगलेले आरसे यांची रचना करताना या भागातल्या भूकंपांच्या नोंदी विचारात घ्याव्याच लागतील.

अणुऊर्जा विभागाचा प्रकल्प म्हणजे इथे अणुभट्टी आहे का?

नाही. प्रकल्पाचा खर्च केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडून आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडून होतो, त्यामुळे नाव ऐकून असा समज होऊ शकतो. लायगोमध्ये किरणोत्सर्गी इंधन नसतं. ती नुसती ऐकते, बाहेर काही सोडत नाही. लेझरही बंद नळीच्या आतच राहतो.

भारतीय शास्त्रज्ञांचा यात वाटा काय?

लायगो अमेरिकेतून आयात होतेय, असं म्हणणं अर्धवट ठरेल. या विषयात भारतीयांचं काम जुनं आहे.

बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवलं, की धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं विशिष्ट सुरात घुमतं आणि हळूहळू शांत होतं. बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर, दोन जड तारे एकमेकांभोवती फिरताना लहरींचा आकार कसा असेल याचं गणित मांडलं. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, गोंगाटात बुडालेली लहर कशी शोधायची याची पद्धत विकसित केली. लहरीचा आकार आधीच माहीत असेल, तर तो साचा नोंदींवर फिरवून जुळणी शोधता येते, असं त्यामागचं तत्त्व.

सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका घटनेत टकरीनंतरचं हे घुमणं आजवरच्या सर्वांत स्पष्ट रूपात ऐकता आलं.

लायगो इंडियाची जबाबदारी चार संस्थांवर आहे: पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय. आरसे, लेझर असे मुख्य भाग अमेरिका देणार आहे. त्यांची किंमत सुमारे ८ कोटी डॉलर आहे. जमीन, इमारती, ८ किलोमीटरच्या निर्वात नळ्या, उभारणी आणि पुढे ती चालवणं हे सगळं भारताचं काम.

इतका वेळ का लागतोय?

- २००९: भारतीय शास्त्रज्ञांनी 'इंडिगो' हा गट स्थापन केला.
- २०११: अमेरिकेकडे असलेला तिसरा यंत्रसंच आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला होता. ऑस्ट्रेलियाने खर्चामुळे माघार घेतली आणि भारताचा विचार पुढे आला.
- १७ फेब्रुवारी २०१६: पहिल्या लहरीच्या घोषणेनंतर सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. मार्चअखेर अमेरिकेशी करार झाला.
- ६ एप्रिल २०२३: २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी.
- ११ मे २०२३: राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्लीतून पायाभरणी.

तत्त्वतः मंजुरी आणि अंतिम मंजुरी यांत सात वर्षं गेली. दरम्यान जागेची तपासणी, भूसंपादन, रस्ते आणि आराखडे ही कामं होत राहिली. २०१६ मध्ये औंढ्याच्या शाळेत पाचवीत असलेलं मूल अंतिम मंजुरीपर्यंत बारावीला पोहोचलं होतं. बांधकाम पूर्ण झालं, तरी यंत्र जुळवून पूर्ण क्षमतेने चालायला काही वर्षं लागतात. अमेरिकेचा अनुभव तसाच आहे.

वाशिम-हिंगोलीला काय मिळणार?

लायगोकडून कारखान्यासारख्या हजारो नोकऱ्यांची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. अशी वेधशाळा तुलनेने कमी माणसांवर चालते आणि त्यातल्या बऱ्याच जागा उच्चशिक्षित शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या असतात. बांधकामाच्या काळात स्थानिक कामं मिळतील. नंतर देखभाल, वीज, वाहतूक, निवास, सुरक्षा यांची गरज राहील.

खरा फायदा शिक्षणात होऊ शकतो. लायगोला फक्त खगोलशास्त्रज्ञ लागत नाहीत. निर्वात तंत्रज्ञान, प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, वेल्डिंग, संगणक आणि माहितीचं विश्लेषण जाणणारी माणसंही लागतात. म्हणजे पदवी-पदविकेच्या, आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठीही इथे जागा असू शकते. त्यासाठी आसपासच्या महाविद्यालयांत तशी तयारी आतापासून व्हायला हवी. नाहीतर वेधशाळा औंढ्यात आणि तिथे काम करणारे सगळे बाहेरचे, असं चित्र दिसेल.

शाळकरी मुलांसाठीही वाव आहे. लिव्हिंगस्टनला वेधशाळेशेजारी विज्ञान शिक्षण केंद्र आहे आणि हॅनफर्डला २०२२ मध्ये असंच केंद्र सुरू झालं. तिथे शाळांच्या सहली येतात. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाला जीएमआरटी पाहायला गर्दी होते. वाशिमच्या शाळांना विज्ञान सहलीसाठी सध्या लोणारचं विवर जवळ आहे. उद्या दुसऱ्या बाजूला औंढा असेल.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचं?

येत्या काळात तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतील. पहिली, इमारती आणि निर्वात नळ्यांचं काम २०३० च्या उद्दिष्टाच्या किती जवळ राहतं. दुसरी, वेधशाळेच्या आसपास मोठी कंपनं करणाऱ्या कामांबाबत प्रशासन कोणते नियम ठरवतं आणि ते ठरवताना गावकऱ्यांशी किती बोलतं. तिसरी, हिंगोली, वाशिम, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांना या कामात प्रत्यक्ष सहभाग मिळतो का.

पहिल्या गोष्टीचा निर्णय दिल्ली, मुंबई आणि पुण्यात होईल. उरलेल्या दोन गोष्टींचा पाठपुरावा मात्र इथल्या लोकप्रतिनिधींना, शिक्षकांना आणि पालकांना आजपासून करता येण्यासारखा आहे.